मदत हवी आहे: अंथरुणाला खिळलेल्या आत्याची बद्धकोष्ठता, इसबगोल द्यावं की चूर्ण?

नमस्कार. माझी आत्या दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात असते. वय ८१. अर्धांगवायूनंतर उजवी बाजू लुळी पडली, दिवसाचा बराच वेळ पलंगावरच जातो. गिळताना ठसका लागतो म्हणून पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने देतात. पोट साफ न होण्याची तक्रार जुनीच, पण आता चार-चार दिवस काही होत नाही, आणि झालंच तर नुसते खडे. लॅक्टुलोज सिरप चालू होतं. त्याने पोट फुगतं, शिवाय गोडमिट्ट म्हणून ती तोंड फिरवते.

घरात दोन तट पडलेत. आतेभाऊ म्हणतो इसबगोल द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. वहिनीचा भर सोनामुखीच्या चूर्णावर. बाकीची औषधं: लोहाची गोळी, सांधेदुखीसाठी ट्रॅमॅडॉल, पायावरच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड.

या वयात वनौषधी रोज दिली तर चालते का? सवय लागते का? ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच उत्तर नको. विचारणारच आहे, पण नेमकं काय विचारायचं ते कळू दे.

ता. क. परवापासून उलट पातळ होतंय. थोडं थोडं, दिवसातून कितीदा तरी, कपड्याला लागतं. म्हणून सिरप बंद केलंय. रजिस्टरमध्ये रोज ‘झाले’ अशी खूण आहे.

प्रतिसाद:
ताई, सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही ता. क. मध्ये टाकलंत! मी वृद्धांच्या वॉर्डात नर्स आहे. आठवडाभर खडे आणि मग अचानक पातळ गळती, हे बऱ्याचदा जुलाब नसतातच. गुदाशयात मळाचा गोळा अडकतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. रजिस्टरमध्ये ‘झाले’ लिहिलं जातं, रेचक बंद होतं आणि गोळा आणखी घट्ट होतो. आजच डॉक्टरांकडून गुदद्वाराची बोटाने तपासणी करून घ्या. पोट टम्म फुगलं, उलटी झाली, लघवी अडली किंवा त्या एकदम गोंधळल्यासारख्या बोलू लागल्या तर थांबूच नका. आणि गोळा असेल तर तो निघेपर्यंत इसबगोल, चूर्ण काहीही तोंडाने देऊ नका.

प्रतिसाद:
एरंडेल द्या हो, रामबाण आहे. एका रात्रीत मोकळं.

प्रतिसाद:
वरच्या रामबाणावर: एरंडेलाने मुरडा येतो, पाणीही निघून जातं. ज्यांना ठसका लागतो त्यांच्या बाबतीत तर तेलाचा घोट श्वासनलिकेत जायची भीती.

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, तरी आधी आतेभावाशी भांडते. इसबगोल पाणी शोषून फुगतं, तेच त्याचं काम. पाणी भरपूर पिणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसाला ते उत्तम. इथे पाणीच चमच्याने जातंय. घशात किंवा आतड्यात त्याचा बोळा बसू शकतो. ट्रॅमॅडॉलने आतड्याची हालचाल मंदावलेली असताना नुसता भार वाढवून उपयोगही नाही.

सोनामुखीचं तसं नाही. तिच्यातल्या सेनोसाइड्सवर मोठ्या आतड्यातले जिवाणू काम करतात आणि मग आतडं आकुंचन पावतं. परिणाम दिसायला ६ ते १२ तास लागतात, म्हणून ती रात्री देतात. ट्रॅमॅडॉलसारख्या औषधाने झालेल्या बद्धकोष्ठतेत डॉक्टरही सेना (म्हणजे सोनामुखीच) देतातच. आतडं कायमचं आळशी होतं ही भीती नेहमीच्या मात्रेत तरी फुगवलेली आहे. पण फ्युरोसेमाइडने पोटॅशियम कमी होतं आणि सोनामुखीने जुलाब झाले तर ते आणखी उतरतं. चूर्णात ज्येष्ठमध असेल तर त्यात तिसरी भर, वर रक्तदाबही वाढू शकतो. त्यामुळे चूर्णाच्या डब्यावरचं घटकद्रव्यांचं लेबल पाहिल्याशिवाय मत देणार नाही. मात्रा ठरलेली सेनाची गोळी किंवा सिरप चमचाभर चूर्णापेक्षा बरं. आणि हे सगळं तपासणी झाल्यावर.

धागाकर्ती:
तपासणी झाली. गोळा होताच. एनिमा देऊन बराचसा काढला, आत्या आज नीट जेवली. लोहाची खरंच गरज आहे का ते रक्त तपासून ठरवणार आहेत, ट्रॅमॅडॉलही कमी करून बघणार आहेत. पोटॅशियमचा विषय मी काढला तर डॉक्टरांनी लगेच तपासणी लिहून दिली. चूर्णाच्या लेबलवर ज्येष्ठमध आहेच, वहिनीने स्वतः वाचून दाखवलं. सध्या रात्री सेना सिरप, तेही घट्ट करून. खूप आभार.

एकच राहिलं: बेडपॅनवर तिला होतच नाही म्हणते. काय करू?

प्रतिसाद (नर्स):
आडवं पडून कुणालाच नीट होत नाही, आणि पडदा अर्धा उघडा असेल तर आणखीच नाही. आधार देऊन बसवता येत असेल तर कमोड-खुर्चीवर बसवायला सांगा, सकाळच्या खाण्यानंतर अर्ध्या तासाच्या आत. खाल्लं की मोठं आतडं आपोआप हलतं, ती वेळ वाया घालवू नये. पायाखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, उजव्या बाजूला उशी. रजिस्टरमध्ये नुसत्या खुणेऐवजी किती आणि कसं झालं ते लिहायला लावा: खडे, मऊ की पातळ. ब्रिस्टल तक्त्यात १ ते ७ प्रकार चित्रांसकट असतात. तो भिंतीवर लावला की मावशींनाही नुसता आकडा टाकता येतो.