गोल्फच्या सात नंबर क्लबच्या लॉफ्टचं (फेसच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट भागाच्या कलाचं) काय?
कॅव्हिटी बॅक, म्हणजे मागून पोकळ, चुकलेला फटकाही सांभाळून घेणारे क्लब. "कॅव्हिटी बॅक घेतलं की बॉल वळवता येत नाही" असं इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. ज्याचा फटका दर वेळी फेसवर वेगळ्याच जागी बसतो त्याने ड्रॉ-फेडची (बॉल मुद्दाम डावी-उजवीकडे वळवण्याची) चिंता कशाला करायची, आधी बॉल सरळ तर जाऊ दे! पण लॉफ्टबद्दल कोणीच बोललं नाहीये. अंश जितके कमी तितका बॉल लांब आणि सपाट जातो. ब्लेडचा (पातळ, भरीव डोक्याच्या क्लबचा) सात नंबर साधारण ३४ अंशांचा असतो आणि जाड सोलवाल्या (तळाच्या) गेम इम्प्रूव्हमेंट, म्हणजे मारायला सोप्या कॅव्हिटी बॅक सेटमधला बऱ्याचदा २८-३० चा, म्हणजे जुन्या हिशोबाने पाच-सहा नंबरच, वर फक्त सात कोरलंय.

मी असाच सेट घेतला आणि आठवडाभर लांबी बघून हवेत होतो, मग कळलं की बॉल ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) पडतो पण थांबत नाही, घरंगळत थेट मागच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात). त्यात पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) ४३ अंशांचा आणि पुढचा वेज थेट ५६, मधल्या अंतराला क्लबच नाही, मारत बसा अर्धा स्विंग. शेवटी चार-पाच-सहा तेच ठेवले, सातपासून पुढचे बारीक सोलवाले घेतले आणि ४९ चा एक वेज. फेसच्या टोकाकडे लागलेला सात नंबर आता चांगलाच आखूड पडतो, हातालाही झिणझिण्या येतात, पण नीट लागला तर बॉल जागेवर बसतो.