उत्तर: अमेरिकेत आयसीयूत नाईट करताना एनपीला (नर्स प्रॅक्टिशनर) अप्लाय करायचंय, एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) घेऊ का?

ताई, वरच्या उत्तरांत सगळे म्हणतायत एफएनपी घे, कुठेही जॉब मिळतो, पण तुम्हाला तर आयसीयूतच राहायचंय ना? मग एफएनपी कशाला, तो प्राइमरी केअरचा ट्रॅक आहे, क्लिनिकमधला. बऱ्याच स्टेट्समध्ये आणि हॉस्पिटल्समध्ये आता आयसीयूसाठी अ‍ॅक्यूट केअरचं सर्टिफिकेशनच मागतात, नंतर परत पोस्ट-मास्टर्स (मास्टर्सनंतरचा जादा सर्टिफिकेट कोर्स) करत बसायचं म्हणजे पैसे आणि झोप दोन्ही गेलं.

आणि फी बघायच्या आधी एकच विचारा, प्रिसेप्टर, म्हणजे क्लिनिकलमध्ये प्रत्यक्ष पेशंटसोबत शिकवणारा अनुभवी एनपी किंवा डॉक्टर, कोण शोधणार? ऑनलाइनवाले बरेचदा गोड बोलून ते तुमच्याच गळ्यात मारतात. एनपी शिक्षणाच्या २०२२ च्या राष्ट्रीय स्टँडर्ड्सप्रमाणे कमीत कमी ७५० तास पेशंटसोबतचे हवेत, माझी एक मैत्रीण नाईट संपवून गाडीत बसूनच क्लिनिकांना फोन लावायची, रिसेप्शनिस्ट म्हणायची ईमेल करा, आणि ईमेलला उत्तर कोण देतंय! तिला प्रिसेप्टर मिळेपर्यंत सेमिस्टर पुढे गेलं. सीसीएनई किंवा एसीईएन (नर्सिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्था) यांचं अ‍ॅक्रेडिटेशन आणि तुमच्या स्टेटमध्ये त्या प्रोग्रॅमला परवानगी आहे का, तेही बघाच.

बीएस्सी नर्सिंग महाराष्ट्रातलं असेल तर मार्कशीटचं इव्हॅल्युएशन आजच सुरू करा, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट यायला किती लागेल ते देवच जाणे. रेकमेंडेशन मॅनेजरकडून घ्या, पण नाईटला तुम्हाला काम करताना बघितलेल्या इंटेन्सिव्हिस्टचं (आयसीयूच्या डॉक्टरचं) मिळालं तर सोन्याहून पिवळं.