जॅझमास्टर धाटणीची गिटार: सहावी तार ब्रिजवरून निसटते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपूर्वी जॅझमास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) धाटणीची गिटार घेतली. रचना 1958 च्या मूळ मॉडेलसारखीच आहे. ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) दोन खांबांवर डुलता, ट्रेमोलोचं टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा भाग) त्याच्या बरंच मागे, आणि फ्रेटबोर्डाची (बोटं दाबायच्या पट्टीची) गोलाई 7.25 इंची त्रिज्येची. आवाजाच्या मी अक्षरशः प्रेमात आहे, म्हणूनच हिचं दुखणं नीट समजून घ्यायचंय.

मुख्य अडचण अशी की जोरात स्ट्रमिंग केलं की सहावी (सर्वांत जाड) तार सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर ती टेकते त्या छोट्या आधाराच्या, खाचेतून उडते आणि शेजारच्या खाचेत जाऊन बसते. या सॅडलना एकच खोल खाच नसते, स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक बारीक खाचा असतात, त्यामुळे तार बाजूला सरकायला वेळ लागत नाही. गाण्याच्या मध्यात तारांमधलं अंतर बदललेलं असतं आणि उजवा हात चुकतो.

दुसरं म्हणजे सॅडल आपोआप खाली बसतात. उंचीचे चिमुकले स्क्रू मी लावून ठेवतो, आठवडाभराच्या वाजवण्यात ते फिरतात आणि तारा भुणभुणायला लागतात.

सध्या तारा 010 च्या (सर्वांत बारीक तार 0.010 इंच जाडीची) आहेत. ब्रिजच बदलून टाक असं दोघातिघांनी सुचवलं. पण डुलता ब्रिज हाच या गिटारचा स्वभाव आहे असं मला वाटतं, तो काढायची इच्छा नाही. नेकखाली (गिटारच्या दांड्याखाली) शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालतात असं वाचलं. त्याने खरंच फरक पडतो का? नेक आणि बॉडीमध्ये पोकळी राहून आवाज मार खाईल का? नेक मी आजवर कधीच सोडवलेली नाही, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद 1

ब्रिज बदलू नका, त्याचा दोष नाही. टेलपीस ब्रिजपासून लांब असल्यामुळे तार ब्रिजवरून फारच कमी कोनात खाली उतरते, म्हणजे सॅडलवर तिचा दाब पडत नाही. दाब नाही म्हणून तार उडते, आणि दाब नाही म्हणूनच स्क्रूही सैल होतात. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ही गिटार आली तेव्हा लोक आजच्यापेक्षा बऱ्याच जाड तारा लावत. त्या ताणाखाली हाच ब्रिज जागेवर बसायचा.

शिम जरूर घाला. नेकच्या खाचेत बॉडीच्या बाजूच्या टोकाला शिम गेली की नेक किंचित मागे झुकते, ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डापासूनची उंची) परत आणायला ब्रिज वर घ्यावा लागतो आणि तारेचा कोन वाढतो. अर्धा ते एक अंश पुरे. पोकळीची काळजी असेल तर पूर्ण खाचेच्या मापाची, एका बाजूला निमुळती होत जाणारी लाकडी शिम मिळते, ती घ्या. तारा पूर्ण सैल केल्याशिवाय मागचे चार स्क्रू सोडवू नका, आणि परत लावताना चारही थोडे थोडे आळीपाळीने आवळा.

सोबत 011 च्या तारा लावा. उंची मनासारखी झाली की सॅडलच्या स्क्रूंवर नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडा. ते हलत नाहीत, आणि पुढे कधी फिरवायचे झाले तर पान्याने सुटतातही.

प्रतिसाद 2

एक राहिलं. उंची वाढवताना ब्रिजचे खांब वर घ्या, सॅडल फार खाली ठेवू नका. सॅडल खूप खाली असलं की सहावी तार ब्रिजच्या मागच्या काठाला घासते आणि भुणभुण तिथूनच येते. माझ्या गिटारवर मी महिनाभर फ्रेटला दोष देत होतो.

वरच्या फ्रेटवर बेंड करताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) सूर मध्येच मरत असेल तर ते मात्र 7.25 च्या गोलाईमुळे. बारीक तारांची ॲक्शन थोडी वाढवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक अंशाची शिम, 011 च्या तारा आणि नेलपॉलिश, तिन्ही केलं. नेक सोडवताना हात थरथरत होते, पण काम अर्ध्या तासात झालं. दहा दिवस झाले, तार एकदाही उडालेली नाही. कोन वाढल्यावर सस्टेनही (सूर टिकून राहणं) वाढला, ते मला अपेक्षितच नव्हतं.

मागच्या काठाची तपासणी केली. तार खरंच टेकत होती! खांब अर्धा फेरा वर घेतले.

आता एकच शंका उरली आहे. ब्रिज आणि टेलपीस यांच्यामधल्या तारा कॉर्ड थांबवल्यावरही किणकिणत राहतात. हे बंद करावं का?

प्रतिसाद 2

तो या गिटारचाच आवाज आहे. काही वादक मुद्दाम तिथल्याच तारा छेडतात. रेकॉर्डिंगला खुपला तर तेवढ्यापुरती फेल्टची पट्टी तारांमध्ये वर-खाली ओवून ठेवा, एरवी वाजू द्या.