श्टुटगार्टला फी आहे, आखेनला नाही. एकाच देशात असे का?

पुणेकर पालक: माझी मुलगी यंदा मेकॅनिकलची पदवी घेत असून मास्टर्ससाठी जर्मनीतील विद्यापीठे पाहत आहे. तिथे शिक्षण मोफत असते असे ऐकून होतो. परंतु श्टुटगार्ट विद्यापीठ दर सत्राला १,५०० युरो शुल्क सांगते, तर आखेनला काही शे युरोंची सत्रवर्गणी भरली की पुरते. दोन्ही विद्यापीठे सरकारी आहेत. जास्त पैसे म्हणजे जास्त चांगले शिक्षण, असे समजावे का?

अभ्यासक: तसे समजू नये. जर्मनीत उच्च शिक्षण मुख्यतः १६ राज्यांच्या अखत्यारीत येते. पहिल्या पदवीसाठी शुल्क घेण्यास मनाई करणारी केंद्राची तरतूद घटनात्मक न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये रद्द ठरवली, त्यानंतर सात राज्यांनी सत्राला ५०० युरोंपर्यंत शुल्क सुरू केले. पण विद्यार्थी रस्त्यावर उतरले, निवडणुकांत तो कळीचा मुद्दा झाला आणि हेसेनने २००८ मध्ये, तर सर्वांत शेवटी लोअर सॅक्सनीने २०१४ मध्ये ते मागे घेतले. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून पुन्हा शुल्क आणले, ते मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांपुरते. आखेनच्या राज्यातही तसा विचार झाला होता, पण तो सोडून देण्यात आला. माझ्या मते यातले मर्म असे की, ज्यांना तिथे मतदानाचा हक्क नाही त्यांच्यावर बोजा टाकणे कोणत्याही सरकारला सोपे जाते, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

कार्ल्सरूहवासी: मी बाडेन-व्युर्टेंबर्गमध्येच शिकतो. हे शुल्क आणताना १,५०० युरोंपैकी केवळ ३०० युरो विद्यापीठाकडे राहतील आणि उरलेले राज्याच्या तिजोरीत जातील अशी व्यवस्था होती. म्हणजे राज्याची तूट भरून काढणे हा उघड हेतू होता. प्रयोगशाळेत त्यामुळे काही वाढले, असे मला दिसलेले नाही. चार सत्रांचे ६,००० युरो होतात. पीएचडीला हे शुल्क लागत नाही.

म्युनिकहून: आमच्याकडे फरक राज्याराज्यांतलाच नव्हे, तर एकाच शहरातला आहे. आमच्या बायर्न (बव्हेरिया) राज्याने २०२३ पासून शुल्काचा निर्णय विद्यापीठांवर सोपवला. त्यानुसार म्युनिकचे तंत्रविद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांकडून मास्टर्ससाठी बहुतांशी सत्राला ४,००० ते ६,००० युरो घेते. त्याआधी प्रवेश घेतलेल्यांना त्या अभ्यासक्रमापुरती सूट मिळाली. शहरातील दुसऱ्या मोठ्या विद्यापीठात, लुडविग मॅक्सिमिलियनमध्ये, असे शुल्क नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो सगळीकडे सारखेच दाखवावे लागतात, खोलीचे भाडे मात्र म्युनिक आणि श्टुटगार्टमध्ये फार आहे. त्यामुळे फीबरोबर भाड्याचाही हिशेब मांडा आणि वसतिगृहासाठी प्रवेशपत्र हाती येताच अर्ज करा.