गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. घरी काय तपासू, मीटर कोणता घेऊ?

धागाकर्ता
पेट्रोल गाडी आहे, सात वर्षांची, हाताच्या गिअरची. रोज वापरली तर एका किल्लीत सुरू होते. दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या सकाळी नुसतं टकटकटक, आणि काट्यांचे दिवे मिणमिणतात. जंपर केबल लावली की लगेच सुरू. चार महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली, ४५ अँपिअर-अवरची, तरी तेच. आता वायरमन अल्टरनेटर (चालू इंजिनात बॅटरी भरणारं जनित्र) बदलू म्हणतोय. घरात आई आजारी असते, रात्री-अपरात्री गाडी लागेल या विचाराने झोप लागत नाही. आणखी एक भाग बदलण्याआधी मला स्वतःला काही मोजता येईल का? विजेची माहिती शाळेत शिकलो तेवढीच.

प्रतिसाद १
येईल, आणि तुम्ही आधी मोजायचं म्हणताय हे फार बरं केलंत. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. त्यात डीसी २० व्होल्टची रेंज आणि १० अँपिअरचं वेगळं सॉकेट हवं, बस. क्लॅम्प मीटर घ्यायचा मोह झाला तर तो डीसी करंट मोजतो का ते वाचून मगच घ्या. पुष्कळ क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, गाडीच्या वायरवर ते शून्यच दाखवणार. गाडीतले दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचं आत्ता काम नाही. व्होल्टेज पडलेलं असताना कंट्रोल युनिटं (गाडीतले छोटे संगणक) भलतेच कोड नोंदवतात आणि सेन्सरच्या नसलेल्या दोषामागे माणूस लागतो.

पहिलं माप: गाडी बंद करून तीन-चार तासांनी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ पाऊणभर, १२.२ निम्मी, १२ च्या खाली उतरलेली. मग इंजिन सुरू करून १३.८ ते १४.५ च्या आसपास येतंय का बघा. हेडलाइट, पंखा लावूनही साडेतेराच्या वर टिकलं तर अल्टरनेटरला हात लावू नका. (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त देतो, तिथे एका आकड्यावर जाऊ नये.)

प्रतिसाद २
याहून सोपं सांगतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला.

प्रतिसाद ३
कृपा करून हे करू नका. चालू इंजिनात बॅटरी काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात उसळी मारतं आणि त्यात इंजिनचं कंट्रोल युनिट जळू शकतं. ही युक्ती कार्ब्युरेटरच्या काळातली. मीटर असताना तिची गरजच नाही.

धागाकर्ते, आवाजाकडेही लक्ष द्या. भराभर टकटक म्हणजे सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढतोय पण स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, फिरू लागताच व्होल्टेज कोसळतंय: बॅटरी उतरलेली किंवा जोडणी खराब. एकच ठसठशीत 'टक्' आणि दिवे तेजस्वी, तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा स्टार्टर. काहीच आवाज नाही आणि दिवे ठीक, तर रिले, क्लचचा स्विच, किल्लीचा स्विच. इंजिन जोमात फिरतंय पण पेट घेत नाही, तर तो प्रश्न इंधनाचा, ठिणगीचा किंवा इमोबिलायझरचा (किल्ली ओळखली नाही तर इंजिन अडवणारी चोरीविरोधी यंत्रणा), बॅटरीचा नव्हे.

आता लोक हमखास विसरतात ते माप. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर (तिला आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवर) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत चांगलं, अर्ध्याच्या वर गेलं तर अर्थिंग (इंजिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतची करंटची परतीची वाट) वाईट. स्टार्टर शंभरावर अँपिअर सहज ओढतो, तिथे थोडासा गंजही पुरतो. याच कारणाने अँपिअरच्या सॉकेटमधून सेल्फ कधीही मारायचा नाही.

धागाकर्ता
मीटर आणला. संध्याकाळी १२.६, पहिल्या सकाळी १२.५, पुढच्या सकाळी १२.३. चालू इंजिनात १४.३, सगळे दिवे लावून १३.९. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४. ऋण खुंटी ते इंजिन ०.९! ऋण खुंटी ते बॉडी मात्र ०.०५.

प्रतिसाद ३
छान मोजलंत. अल्टरनेटर सुटला, बॅटरीही सुटली. बॉडीपर्यंत अर्थ ठीक आहे, तेव्हा दोष बॉडी आणि इंजिन जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीत (विणलेल्या तारांची जाड पट्टी). ती बहुधा गिअरबॉक्सपाशी असते. आधी बॅटरीचं ऋण टर्मिनल काढा, मग पट्टी सोडवून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, तारा तुटल्या असतील तर पट्टीच बदला.

पण त्याने बॅटरी दिवसागणिक का उतरते याचं उत्तर मिळत नाही. गाडी बंद असतानाही कुठेतरी करंटची गळती आहे.

प्रतिसाद १
गळती अशी मोजा. दाराचं लॉक पेचकसाने बंद स्थितीत करा म्हणजे गाडीला दार मिटलंय असं वाटेल, किल्ली लांब ठेवा, अर्धा तास थांबा. युनिटं झोपायला वेळ घेतात. लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटात घालून मीटर ऋण खुंटी आणि काढलेल्या क्लॅम्पच्या मध्ये जोडा. क्लॅम्प काढायच्या आधीच मीटरची टोकं दोन्हीकडे टेकवून ठेवली तर युनिटं परत जागी होत नाहीत. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटात परत. तशीच विसरून बॅटरीवर टेकवलीत तर मीटरमधूनच शॉर्ट होईल.

धागाकर्ता
अर्ध्या तासानंतरही ०.४१ अँपिअर. थांबून पुन्हा पाहिलं, तेच.

प्रतिसाद १
१२ व्होल्टवर ०.४१ म्हणजे साधारण ५ वॅट. एका छोट्या बल्बाएवढं! दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-अवर, दोन दिवसांत तुमची बॅटरी निम्म्याच्या जवळ. डिकी आणि ग्लोव्ह बॉक्समधले दिवे बघा. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवा आणि झाकण लावा.

धागाकर्ता
डिकी बंद असताना दिवा चालूच! व्हिडिओत स्वच्छ दिसतोय. झाकण मिटलं तरी त्याचा स्विच दाबला जात नव्हता, उघड्या स्थितीतच अडकला होता. बल्ब काढल्यावर मीटरवर ०.०२. पट्टीचा बोल्ट हिरवट झाला होता, घासून आवळला, आता सेल्फ मारताना ०.१. चार दिवस मुद्दाम गाडी हलवली नाही. आज पहाटे १२.५ आणि पहिल्या किल्लीत सुरू. आईला फेरी मारून आणलं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

स्विच नवा मिळेपर्यंत बल्ब काढूनच ठेवतो. एकच विचारायचं राहिलं: पट्टीच्या बोल्टला व्हॅसलीन लावू का?

प्रतिसाद ३
लावा, पण धातूला धातू पक्का आवळून झाल्यावर, वरून.