रिः रिः हॉटेल नक्की कुठल्या साइटवर स्वस्त पडतं?

नमस्कार मंडळी,
अधिवेशनासाठी खोली बघतेय, एकच हॉटेल, त्याच तारखा, आणि इतक्या साइट उघडून ठेवल्यात की आता कुठल्या टॅबमध्ये काय होतं तेच कळेना. सगळीकडे भाव जवळपास सारखाच, एका ठिकाणी मात्र चांगलाच कमी दिसला म्हणून पुढे गेले तर शेवटच्या पानावर टॅक्स आणि कसलीशी फी लागून तोच सगळ्यात महाग निघाला!! कोणाला ह्यातलं कळतं का?
– नाटक समिती

ताई,
भाव सारखा दिसणारच, कारण साइट खूप असल्या तरी त्यातल्या बऱ्याच मोठ्या साइटचे मालक दोनच. बुकिंग डॉट कॉम, अगोडा, प्राइसलाइन, कायाक ही सगळी बुकिंग होल्डिंग्जची पिलावळ, आणि एक्स्पीडिया, हॉटेल्स डॉट कॉम, ऑर्बिट्झ, हॉटवायर एक्स्पीडिया ग्रुपची, वेगवेगळ्या साइटचे भाव एकत्र दाखवणाऱ्या ट्रिव्हागोतही मोठा वाटा त्यांचाच. त्यामुळे दोन्ही घरांतली एकेक साइट, एकदा गूगल हॉटेल्स आणि मग हॉटेलची स्वतःची साइट एवढं बघितलं तरी पुरे.

दुसरं म्हणजे ह्या साइट हॉटेलकडून साधारण १५ ते २० टक्के कमिशन घेतात, कधी त्याहून जास्त. आमच्यापेक्षा स्वस्त कुठे विकायचं नाही असं करारातच लिहून घ्यायची पद्धत होती, युरोपात नवीन कायद्यामुळे बुकिंग डॉट कॉमला ते कलम २०२४ मध्ये काढावं लागलं. म्हणून मी तर सरळ फोन लावतो, साइटवरचा आकडा सांगतो आणि विचारतो, थेट घेतली तर काय द्याल? भाव नाही सोडला तरी उशिरा चेकआउट नाहीतर बरी खोली असं काहीतरी पदरात पडतं. फक्त फोन हॉटेलच्या डेस्कलाच लावा, मोठ्या हॉटेल चेनच्या कॉल सेंटरवाल्यांच्या हातात काही नसतं.
– खजिनदार

काका, फोनचं पटलं, पण "सगळ्यात स्वस्त" म्हणून वर जे हिरव्या अक्षरात दाखवतात त्यावर मात्र अजिबात जाऊ नका. ऑस्ट्रेलियात ह्याच गोष्टीवरून ट्रिव्हागोवर केस झाली होती, जी साइट क्लिकमागे जास्त पैसे देते तिचा भाव वर यायचा, स्वस्त असलेला खाली दडलेला, आणि काट मारलेली जी मोठी किंमत दिसायची ती चक्क त्याच हॉटेलातल्या भारी खोलीची! २०२२ मध्ये कोर्टाने ४.४७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोकला.

बाकी इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत बघा म्हणजे स्वस्त दिसतं हे जे सगळे सांगत सुटतात ना, माझ्या मते उलटंच आहे, मेंबर रेट लॉगिन केल्याशिवाय दिसतच नाही आणि मोबाइल अ‍ॅपवर कधीकधी आणखी वेगळा असतो. हां, २०१२ मध्ये ऑर्बिट्झ अ‍ॅपलचा मॅक कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना महागडी हॉटेलं आधी दाखवतं अशी बातमी आली होती, पण तेव्हाही तीच खोली जास्त भावाने विकत नव्हते, फक्त यादीचा क्रम वेगळा.
– वेबसाइटवाला

दोघांचेही आभार! आता फॉर्म्युला कळला, एका कागदावर लिहून घेतलं: शेवटच्या पानावरचा टॅक्ससकट आकडा, खोलीचा प्रकार, नाश्ता, कॅन्सलेशन. आणि गंमत बघा, जो रेट मी इतका वेळ स्वस्त म्हणून धरून बसले होते तो नॉन-रिफंडेबल आणि बाकीचे फ्री कॅन्सलेशनचे, मग तुलना कसली डोंबलाची. चेनवाली हॉटेलं बेस्ट रेट गॅरंटी म्हणतात, म्हणजे बाहेर कमी भाव सापडला तर आम्हीही तेवढाच देऊ, त्याचा काही उपयोग होतो का कोणाला?
– नाटक समिती

होतो की, पण आधी त्यांच्याच साइटवर बुक करायचं आणि बहुतेकांकडे २४ तासांच्या आत क्लेम टाकायचा. खोली, तारखा, अटी सगळं तंतोतंत जुळलं पाहिजे, लॉगिन करून दिसणारा भाव सहसा धरत नाहीत. शिवाय थेट बुकिंगवर पॉइंट मिळतात, बाहेरच्या साइटवरून घेतलं तर बहुतेक चेन देत नाहीत.

तुम्ही आत्ता फ्री कॅन्सलेशनवाली घेऊन ठेवा, आणि मुदत संपायच्या आधी परत एकदा भाव बघा, उतरला असेल तर नवीन घ्या आणि मगच जुनी रद्द करा. आधी रद्द करू नका हां. आणि ती मुदत हॉटेलच्या गावच्या घड्याळाने असते, आपल्या नाही.
– खजिनदार