उत्तर: वर्षाला एकच शिल्प, मग बाकी वर्षभर करतात काय?
वर विचारलंय की जंगलात शिल्पं उभारणारी संस्था वर्षाला एकच नवीन काम करते, मग बाकी वेळ काय करते? अहो, ते एक उभं राहायलाच वर्ष जातं! कलाकार निवडा, निधी जमवा, वनखात्याची परवानगी, पाया खणताना मुळं तुटायला नकोत, पक्ष्यांचा विणीचा हंगाम सांभाळा, आणि जुनी शिल्पं तपासणं तर चालूच. इंग्लंडच्या फॉरेस्ट ऑफ डीनमधे १९८६ साली मॅग्डालेना येतेलोव्हाने केलेली लाकडाची अवाढव्य खुर्ची सगळ्यांची लाडकी होती, पण लाकूड कुजलं आणि २०१५ मधे ती काढावी लागली. लाडकं काम वेळेवर उतरवणं हेच मला सगळ्यात अवघड वाटतं आणि त्यासाठी कुणी देणगी देत नाही.